रांगेतल्या मुलीला, डंकवाल्या काकूकडून

पोरी,

तुझं नाव इथं लिहीत नाही. ‘काकू, माझं नाव कुठं टाकू नका, कॉलेजात चिडवतील,’ असं तूच बजावलंयस. तुला कळेलच, आणि या हंगामात आमच्या मिरची कांडायच्या डंकावर मिरच्या घेऊन आलेल्या निम्म्या बायकांनाही कळेल.

आभार खरं तर घरी येऊन मानायचे. पण होळी झाली की वळीव पडेपर्यंत आम्हाला जेवायला बसायची उसंत नसते, कुणाकडं जाणार? शिवाय चार लोकांदेखत मानावेत असंही वाटलं, कारण तुझ्या आधी जे येऊन गेले त्यांचंही थोडं बोलायचंय.

फेसबुकवर आमची जाहिरात करून देणारे ते साहेब गाडीतून उतरले तेच नाकाला रुमाल लावून. मिरचीचा खकाणा सोसवेना. मी डंकावर उभी, हात कोपरापर्यंत लाल, आणि मलाच विचारतात, ‘मालक कुठायत?’ मालक लक्ष्मीपुरीत माल बघायला गेलेले. ते येईपर्यंत साहेब गाडीत जाऊन बसले, मग मालकांशी बोलले, पैसे घेतले आणि गेले. पुढं आमच्या नावाची पट्टी लावून फेसबुकवर काय यावं? रोज सकाळी सुप्रभात. फ्रेंडशिप डेला फ्रेंडशिप डे. मग ‘क्वालिटी हीच आमची ओळख’. एकदा तर चटणीच्या जाहिरातीत ढब्बू मिरचीचा फोटो! कोल्हापुरात बसून ढब्बूची चटणी विकतो म्हणून नातेवाइकांचे फोन आले. पलीकडच्या गल्लीतल्या सराफालाही तेच फूल, तेच सुप्रभात, खाली फक्त दुकानाचं नाव वेगळं. यात आमचं काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘काकू, अल्गोरिदमला रोज काहीतरी द्यावं लागतं.’ द्या बापडे. नंतर फोनच उचलेनात.

आणि मग तू आलीस, आईची मिरचीची पिशवी घेऊन. नेमकी तुझ्या नंबराला लाईट गेली. मालक डोकं धरून म्हणत होते, आता फेसबुकवर टाकायचं तरी काय, आपल्याकडं दाखवण्यासारखं आहे काय? तू काही बोलली नाहीस. डंक बंद पडला की रांगेतल्या बायका मला घेरतात, ते तू नुसतं ऐकत बसलीस. मग माझी उधारीची वही मागितलीस, मागचं कोरं पान काढलंस आणि म्हणालीस, ‘काका, या सगळ्या फुकटात सांगून चालल्यात की.’

मला आधी कळेना. ही तर रोजचीच कटकट. नुसती ब्याडगी घातली तर चालेल का? तिखट बियांत असतं ना, मग बिया काढू का? मागच्या वर्षीची चटणी काळी का पडली? किलोला धने पाव घालू की अर्धा? डंकावरची आणि चक्कीतली, फरक काय? एकेक प्रश्न तू लिहिलास, त्याखाली मी दिलेलं उत्तर लिहिलंस. ब्याडगीनं रंग येतो, तिखटपणा नाही. त्याला संकेश्वरी नाहीतर लवंगी पाहिजेच. तिखट बियांत नसतं गं, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात असतं. चटणी काळी पडली म्हणजे मिरची ओलसर कांडली असेल. चक्कीत मिरची तापते आणि वास उडतो, डंकाचं मुसळ वरून पडतं, त्यात ती कमी तापते. धन्याचं मात्र सासूबाईंना विचार, त्यात मी पडत नाही.

ब्याडगी हे हावेरी जिल्ह्यातलं गाव आणि तिथल्या मिरचीला २०११ साली जीआय (माल कुठल्या भागाचा ते सांगणारं) मानांकन मिळालं, हे तू रात्री शोधून कळवलंस. साहेबांच्या हाताशीही तेच इंटरनेट होतं. त्यांना त्यात ढब्बू सापडली.

फोन कसा धरला, खातं कसं चालू केलं, ते इथं सांगत बसत नाही. ते कुणीही शिकवेल. एवढंच सांगते, की लाईट गेली हीसुद्धा पोस्ट असते हे मला तुझ्यामुळं कळलं. ‘लाईट नाही, चारनंतर या.’ ‘आभाळ आलंय, गच्चीवरच्या मिरच्या आत घ्या.’ व्हॉट्सअ‍ॅपचा स्टेटस चोवीस तासांत जातो म्हणून मी कुरकुरत होते, तर म्हणालीस, ‘लाईट आल्यावर तो ठेवून करायचंय काय?’ आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना स्टेटस दिसतच नाही, म्हणून पाटीवर खडूनं लिहायला लावलंस: आमचा नंबर सेव्ह करा. इतकी साधी गोष्ट पैसे घेणाऱ्यानं सांगितली नव्हती.

पण मनात घर करून राहिलंय ते वेगळंच. पहिली पोस्ट टाकायच्या आधी तू डंक थांबवायला लावलास. रांग वाढत होती, मालक डोळे वटारत होते. तू वहीतलं वाक्य मोठ्यानं वाचलंस, ‘मिरचीचा देठ कट्‌कन मोडला की समजायचं, कांडायला झाली.’ आणि विचारलंस, ‘काकू, असंच म्हणता ना तुम्ही? की मी काही बदललं?’

लग्न होऊन आल्यापासून मी या डंकावर आहे. मिरची बघून ती कुठली ते सांगते, वास घेऊन तिच्यात पाणी किती राहिलंय ते सांगते. पण माझं वाक्य कागदावर उतरवावं, आणि उतरवल्यावर परत मला दाखवून बरोबर आहे का विचारावं, असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं. मालकांनाही नाही, वाचतायत ते, वाचू देत. मी ‘हां, बरोबर’ म्हटलं आणि आत जाऊन उगाच चाळण झाडत राहिले. तुला वाटलं असेल, काकू रागावल्या.

परवा राजारामपुरीतून एक बाई आल्या. कधी बघितलेल्या नव्हेत. पिशवी उघडायच्या आधी एक मिरची काढून माझ्यासमोर देठ मोडला. ‘तुम्हीच म्हटलंय ना? बघा, मोडतोय!’ रांग हसायला लागली. पुढच्या बाईंचा मोडला नाही, त्या बिनबोभाट मिरच्या उन्हात घालायला परत घेऊन गेल्या. नाहीतर एरवी याच गोष्टीवर माझी रोजची भांडणं.

तशी माणसं सगळीकडं असतात, नाही असं नाही. पत्ता विचारला तर हात न दाखवता वळणापर्यंत सोबत येणारी. बँकेत दुसऱ्याची स्लिप भरून देताना चूक नको म्हणून दोनदा नाव विचारणारी. त्यांच्या हातात पाटी नसते, कार्ड नसतं, म्हणून ती नजरेत भरत नाहीत. नाकाला रुमाल लावून आलेले तेवढे भरतात. आमच्याच बाबतीत बघ, साहेबांना चहा दिला होता कपबशीतून आणि तुला साधं पाणी विचारायचं राहून गेलं त्या गर्दीत.

आता कामाचं. तुझ्या आईची चटणी कांडून ठेवलीय, वर हिंगाचे खडे घातलेत. डबा घेऊन ये, प्लास्टिकच्या पिशवीत देणार नाही. येशील ती दुपारी तीनच्या सुमारास ये, गर्दी कमी असते. वहीची मागची पानं संपली म्हणून नवी शंभर पानी आणलीय. श्रावणात उपवासाची भाजणी आणि मग दिवाळीची चकलीची भाजणी सुरू होईल, तेव्हा बायका काय काय विचारतात ते मी आत्तापासून आठवून लिहायला लागलेय. अक्षर तेवढं लावून घे. आणि कांडपाचे पैसे काढलेस तर याद राख.

तुझी,
डंकवाली काकू