पीस स्टडीजचं एमए करायचंय? आधी तीन वर्षं काम करा

मा. संपादक,
स. न.

करिअर पुरवण्यांमध्ये हल्ली ‘हटके कोर्स’ म्हणून पीस स्टडीज, कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन (म्हणजे शांतता कशी घडवायची, संघर्ष कसे मिटवायचे याचा अभ्यास) अशी नावं यायला लागलीत, चांगलंच आहे, पण युनिव्हर्सिटीचं नाव, फी आणि ‘युनोत नोकरीची संधी’ एवढं छापून झालं की लेख संपतो, ॲडमिशनला नेमकं काय लागतं ते राहूनच जातं. मी तालुक्याच्या गावी राज्यशास्त्र शिकवतो, टीवायची एकदोन पोरं दरवर्षी याबद्दल विचारायला येतात, म्हणून लिहितोय.

सगळ्यात जास्त विचारणा रोटरी क्लबवाल्यांच्या रोटरी पीस फेलोशिपची होते, कारण त्यात फी, राहणं, विमानभाडं सगळंच मिळतं. स्वीडनचं उप्साला, इंग्लंडचं ब्रॅडफर्ड, ऑस्ट्रेलियाचं क्वीन्सलँड अशा ठिकाणी एमए करता येतं. पण त्यासाठी नुसती पदवी आणि चांगलं इंग्रजी पुरत नाही, त्याच क्षेत्रातला किमान ३ वर्षांचा पूर्णवेळ कामाचा अनुभव लागतो. हे ऐकलं की निम्मी पोरं उठून जातात. आणि शिकायला आपल्या देशाबाहेरच जावं लागतं. आता पुण्यात सिम्बायोसिसला रोटरीचं पीस सेंटर आलंय, त्यामुळे ‘सर, आता पुण्यातच एमए होईल’ असं बऱ्याच जणांना वाटतंय, पण तिथला कोर्स सर्टिफिकेटचा आहे, थोडा ऑनलाइन थोडा प्रत्यक्ष, आणि त्याला तर ५ वर्षांचा अनुभव मागतात! एकाचे वडील रोटेरियन, म्हणजे रोटरी क्लबचे सभासद, त्याला वाटलं वशिला लागेल. उलट रोटेरियनच्या मुलांना-नातवंडांना ही फेलोशिप मिळतच नाही.

अनुभवाची अट पोरांना जाचक वाटते, मला मात्र ती सगळ्यात शहाणी अट वाटते. लायबेरियाच्या लेमा बोवी आधी यादवीत होरपळलेल्या माणसांसोबत, बंदुका हातात दिलेल्या लहान मुलांसोबत काम करत होत्या, २००३ मध्ये त्यांनी बायकांना रस्त्यावर आणून युद्ध थांबवायला भाग पाडलं, आणि एमए केलं ते नंतर, २००७ मध्ये, अमेरिकेतल्या ईस्टर्न मेनोनाइट युनिव्हर्सिटीतून. शांततेचं नोबेल त्यांना मिळालं ते त्याहून नंतर, २०११ मध्ये. त्या युनिव्हर्सिटीत प्रॅक्टिकम म्हणजे प्रत्यक्ष एखाद्या संस्थेत जाऊन काम केल्याशिवाय डिग्री हातात पडत नाही. रोटरीच्या एमएवाल्यांनाही मधल्या सुट्टीत दोनतीन महिने फील्डवर जावं लागतं. उप्सालाचा बाज वेगळा, तिथे आकडेवारी आणि संशोधन पद्धतीवर भर, जगातली कुठली लढाई ‘सशस्त्र संघर्ष’ धरायची (वर्षाला किमान २५ बळी) याची मोजदाद तिथेच चालते, त्यामुळे गणिताला घाबरून आर्ट्सला आलेल्यांनी तिकडे जरा विचार करून जावं.

आपल्याकडे दिल्लीच्या जामिया मिलिया विद्यापीठात २००४ पासून याच विषयाचं, नेल्सन मंडेलांच्या नावाचं सेंटर आहे, तिथे पदवीनंतर प्रवेश परीक्षा देऊन थेट एमएला बसता येतं. परवडणारा पर्याय आहे, वाईट म्हणत नाही. पण २१ वर्षांचं पोरगं, ज्याने आयुष्यात दोन भावांचं भांडणसुद्धा मिटवलेलं नाही, ते दोन वर्षं थिअरी वाचून शांतता कशी घडवणार हा प्रश्न मला पडतोच.

आणि अनुभव आपल्याकडे काय कमी आहे का? १५ ऑगस्ट २००७ ला तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. आबा पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली तेव्हा गावोगाव समित्या झाल्या, बांधाचे, वाटेचे, भाऊबंदकीचे तंटे रजिस्टरला लिहून मिटवले गेले, बक्षिसं लागली (पत्रकारांनासुद्धा!). काही गावांत ते नुसतं कागदावर झालं, बक्षिसासाठी तंटे मिटल्याचं दाखवलं, हेही खरंय. पण जिथे मनापासून झालं तिथल्या माणसांना दोन्ही बाजूंना एका सतरंजीवर कसं बसवायचं ते कुठल्याही प्रोफेसरपेक्षा जास्त कळतं. अडचण अशी की हे काम ना पूर्णवेळ, ना पगारी, त्यामुळे परदेशी अर्जात ते अनुभव म्हणून धरलं जाईलच याची खात्री नाही.

म्हणून राज्यातल्या विद्यापीठांना सांगावंसं वाटतं, असा एमए काढायचाच असेल तर मराठीतून काढा, समितीत, महिला मंडळात, संस्थेत केलेलं काम प्रवेशाला धरा, आणि एक सेमिस्टर जिल्हा कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात बसवा. मध्यस्थी कायदा २०२३ मध्ये आलाय, तेव्हा पुढे कामालाही येईल. आणि तुमच्या पुरवणीत पुढच्या वेळी कोर्सचं नाव छापाल तेव्हा खाली अनुभवाची अट आणि अर्जाची शेवटची तारीख तेवढी ठळक टाका, कारण आमच्याकडे पोरं चौकशीला येतात तीच मुळी निकाल लागल्यावर जूनमध्ये, आणि रोटरीची मुदत साधारण मेच्या मध्यालाच संपलेली असते.

आपला,
एक वाचक-प्राध्यापक