पोर्चवरचा हिरवा पाहुणा

प्रिय सच्या,

फोनच करणार होतो पण तू मोकळा होतोस तेव्हा इकडे ऑकलंडला पहाट झालेली असते, आणि हे घाईत सांगायचं नाहीये मला.

परवा रात्री कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो तर पोर्चच्या भिंतीवर मोठ्ठं हिरवं पान चिकटलेलं, म्हटलं वारा नाही काही नाही, हे आलं कुठून, तेवढ्यात पान हललं. अरे पतंग होता! पोपटी हिरवा, माझा तळहात झाकेल एवढा. पुरिरी मॉथ म्हणतात त्याला, न्यूझीलंडमधला सगळ्यात मोठा पतंग, मादीचे पंख पसरले की 15 सेंटीमीटरपर्यंत जातात. जगात फक्त ह्याच देशात आहे, तेही नुसत्या उत्तर बेटावर.

आंबोलीला आपण चंद्रपतंग बघितला होता आठवतं? तो पतंग झाल्यावर काहीच खात नाही हे ऐकून तू किती हळहळला होतास. ह्याचंही तेच रे. पतंग म्हणून जेमतेम दोन दिवस, तेवढ्यात जोडीदार शोधायचा आणि मादीने उडता उडता जंगलात दोनेक हजार अंडी टाकायची, बस. म्हणून मी लगेच पोर्चचा लाइट बंद केला, त्याच्या दोन रात्रींतली एक माझ्या बल्बभोवती जायला नको.

पण खरी गंमत आधीच्या आयुष्यात आहे. अळी लहान असताना जमिनीवर पडलेल्या लाकडावरच्या बुरशीवर जगते, मग जिवंत झाडावर चढते आणि खोडात बीळ कोरते, इंग्रजी सातच्या आकड्यासारखं, आधी आडवं मग सरळ खाली. बिळाच्या तोंडावर रेशीम आणि सालीचा भुगा मिसळून पडदा विणते, तो हुबेहूब सालीसारखा दिसतो. झाड ती जखम भरायला नवी साल आणतं आणि ही रात्री येऊन तीच खाते! असं चार-पाच वर्षं.

आमच्या मागच्या अंगणात पुटापुटावेटाचं झाड आहे, त्याच्या खोडावर एक तपकिरी डाग होता, मला वाटायचं झाडाला रोग लागलाय, एकदा चाकूने खरवडणारही होतो पण राहून गेलं. काल सकाळी बघतो तर डाग फाटलेला आणि आत बोट जाईल एवढं भोक. पोर्चवरचा तिथूनच आला असणार असं मला वाटतंय. सच्या, आम्हाला ह्या घरात येऊन चार वर्षं झाली, म्हणजे आम्ही सामान लावत होतो तेव्हाही तो बहुतेक तिथे आत असेल. हे डोक्यातून जातच नाही.

पतंग गेला की अशा बिळात वेटा राहायला येतात, वेटा म्हणजे इथले मोठे, बिनपंखाचे नाकतोड्यासारखे किडे, झाडाच्या नावातला वेटा तोच. अजून कोणी आलेलं नाही. रोज जेवण झालं की टॉर्च घेऊन बघून येतो.

पुढच्या ऑक्टोबरात ये ना इकडे, तेव्हा ह्यांचा सीझन असतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
पक्या