बातमीत फ्री थ्रोचे आकडेही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आंतरशालेय बास्केटबॉल स्पर्धा सुरू झाल्या की क्रीडापानावर एक वाक्य हमखास वाचायला मिळते: मोक्याच्या क्षणी अमक्याने फ्री थ्रो वाया घालवला आणि संघ एका गुणाने हरला. (फ्री थ्रो म्हणजे प्रतिस्पर्ध्याने फाउल केल्यावर ठरलेल्या रेषेमागून, कोणी न अडवता मिळणारी एका गुणाची फेक.) पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या नावापुढे एवढेच छापले जाते. त्याने सामन्यात एकूण किती फ्री थ्रो मारले, किती रिंगमध्ये गेले, बाकीच्या संघाने किती वाया घालवले, याचा पत्ता नसतो.

आधी साधे गणित पाहू. शंभरात साठ फ्री थ्रो घालणारा मुलगा शालेय पातळीवर चांगलाच म्हणायला हवा. दोन फ्री थ्रो मिळाले तर त्याचे दोन्ही जाण्याची शक्यता ३६ टक्के, म्हणजे शंभरात ६४ वेळा निदान एक तरी चुकणारच. शंभरात ऐंशी घालणाऱ्याचेही दोन्ही जाण्याची शक्यता ६४ टक्केच. त्यामुळे शेवटच्या मिनिटाला एक फ्री थ्रो हुकला म्हणून मुलगा कचरला असे होत नाही. बहुतेक वेळा तो त्याच्या नेहमीच्या सरासरीनेच खेळलेला असतो. सामना तिथे हरला असे आपल्याला वाटते, पण पहिल्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या पहिल्या चतुर्थांशात, हुकलेले चार कोणी मोजलेले नसतात.

दडपण नसतेच असे मात्र नाही. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या १९९५च्या अंतिम फेरीत, पहिल्या सामन्यात ऑर्लँडो तीन गुणांनी पुढे असताना, शेवटच्या काही सेकंदांत निक अँडरसनचे सलग चार फ्री थ्रो हुकले. ह्यूस्टनने बरोबरी साधली आणि जादा वेळेत सामना जिंकला. त्या मोसमात अँडरसन ७० टक्क्यांच्या आसपास होता, दोन वर्षांत तो ४० टक्क्यांवर आला. एक प्रसंग माणसाला चिकटला की हात असा आखडतो. तो तर कसलेला व्यावसायिक खेळाडू होता. आपल्याकडे नाव छापले जाते ते नववी-दहावीच्या मुलांचे.

उलटे उदाहरण एनबीएतल्याच मिलवॉकी संघाच्या यानिस अँटेटोकुंपोचे. २०२१च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, तो फ्री थ्रोच्या लाइनवर उभा राहिला की फार वेळ लावतो म्हणून प्रेक्षक मोठ्याने सेकंद मोजायचे. त्या मोसमात तो सत्तर टक्क्यांच्याही खाली होता. तरी अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात त्याने १९ पैकी १७ घातले, ५० गुण केले आणि मिलवॉकी विजेता ठरला.

आता हात नेमका कुठे चुकतो ते पाहू. लाइनपासून बोर्ड, म्हणजे रिंगमागची फळी, ४.६ मीटर, रिंग ३.०५ मीटर उंच. रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर आणि मुलग्यांचा सात नंबरचा चेंडू साधारण २४ सेंटिमीटरचा. वरून पाहिले तर जागा भरपूर दिसते. पण चेंडू तिरका येतो. ४५ अंशांत उतरला तर त्याच्यापुढचे तोंड ३२ सेंटिमीटर उरते, आणि साधारण ३२ अंशांपर्यंत चपटा आला तर जेमतेम चेंडूएवढे. म्हणून कमान हवी: हातातून सुटताना ५० ते ५२ अंश, नजर रिंगच्या मागच्या कडेवर, आणि रिंगपर्यंत पोचेपर्यंत चेंडूच्या दोन-तीन उलट्या गिरक्या. थकलेला मुलगा गुडघे वाकवत नाही, खांद्याच्या जोराने चेंडू ढकलतो. कमान बसते आणि चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो. चौथ्या क्वार्टरमध्ये आखूड पडणाऱ्या चेंडूंमागे भीतीपेक्षा पाय जास्त असतात. चेंडू डावी-उजवीकडे जात असेल तर गोष्ट वेगळी: कोपर बाहेर सुटलेले असते, किंवा आधाराच्या हाताचा अंगठा चेंडूला शेवटच्या क्षणी धक्का देत असतो.

दडपणात पहिली मोडते ती लय. सरावात तीन वेळा चेंडूचा टप्पा घेणारा मुलगा सामन्यात एकाच टप्प्यात उरकतो. रेफरीने चेंडू हातात दिल्यापासून पाच सेकंद मिळतात, एनबीएत दहा. आपल्या मुलांनी टीव्हीवर पाहून सात सेकंदांचा क्रम उचलला तर शिट्टी वाजणारच. चार सेकंदांत बसणारा क्रम हवा: उजवा पाय रेषेच्या मधोमध, दोन टप्पे, एक श्वास बाहेर, नजर मागच्या कडेवर, फेक, चेंडू रिंगला लागेपर्यंत मनगट तसेच वाकलेले. रेषेचा मध्य कळावा म्हणून सिमेंटच्या कोर्टवर रंगाचा एक ठिपका पुरतो. तोही आपल्या बऱ्याच कोर्टवर नसतो.

सराव कसा होतो? शेवटी दहा मिनिटे उरली की मुले ओळीने पन्नास-पन्नास मारतात. हात बसतो, आकडा छान येतो, पण सामन्यात असे कधीच घडत नाही. तिथे धावून दमल्यावर, घामट हातांनी दोनच मिळतात, आणि त्या दोनांत पहिला जास्त हुकतो. म्हणून दीड तासाच्या सरावात दहा वेळा, प्रत्येक धावपळीच्या ड्रिलनंतर लगेच, दोन-दोनच मारायला लावावे. दोन्हींच्या मध्ये मुलाने लाइनवरून मागे यावे. बाकीच्यांनी रिंगमागे उभे राहून हवा तेवढा आरडाओरडा करावा. वहीत पाच खाने आखावेत: गेला, आखूड, लांब, डावा, उजवा. दहा दिवसांत दोनशे फेकी जमतात आणि कोणाचे पाय, कोणाचे कोपर, हे न बोलता दिसते.

गोव्यात यात आणखी एका गोष्टीची भर पडते. किनाऱ्याजवळच्या उघड्या कोर्टवर खाऱ्या हवेने रिंगचे बोल्ट गंजतात, त्यात मुले लोंबकळतात, आणि रिंग पुढून दोन-तीन सेंटिमीटर झुकते. अशा रिंगवर हात बसलेली मुलगी पेडे किंवा नावेलीच्या इनडोअर स्टेडियममध्ये सरळ रिंगसमोर उभी राहते आणि तिचा चेंडू आखूड पडतो. जाळी नसेल तर चेंडू नेमका कसा आत गेला तेही कळत नाही. शाळांनी मोसमाआधी रिंगवर गवंड्याची लेव्हल ठेवून पाहावी आणि पुढची-मागची कड जमिनीपासून टेपने मोजावी. दोन माणसे, पंधरा मिनिटे. लहान मुलांचा मुद्दा तर याहून मोठा आहे. लहान मुलांसाठीच्या मिनी बास्केटबॉलची रिंग २.६० मीटरवर असते आणि चेंडू लहान, पाच नंबरचा. दहा वर्षांच्या मुलाला सात नंबरचा चेंडू देऊन ३.०५ मीटरवर फेकायला लावले की तो छातीपासून दोन्ही हातांनी ढकलू लागतो, आणि ती सवय पुढे दहावीपर्यंत सुटत नाही.

आपल्या प्रतिनिधींना एक विनंती. स्कोअरशीटवर हे आकडे आधीच असतात. धावत्या गुणांच्या रकान्यात गेलेला प्रत्येक फ्री थ्रो भरीव ठिपक्याने दाखवतात. प्रतिस्पर्ध्यांच्या फाउलच्या चौकटीत 'पी'शेजारचा (पी म्हणजे पर्सनल, वैयक्तिक फाउल) छोटा आकडा किती फ्री थ्रो दिले ते सांगतो. ते आकडे बेरजेला घ्यावेत, 'सी' लिहून रद्द केलेले सोडावेत. सामना संपल्यावर स्कोअररच्या टेबलापाशी पाच मिनिटे थांबले तर निकालाखाली एक ओळ देता येईल: फ्री थ्रो, पहिला संघ १८ पैकी ९, दुसरा १२ पैकी ८. खेळाडूचे नाव त्या ओळीत नसले तरी चालेल.

आपला,
एक बास्केटबॉल प्रशिक्षक, फोंडा