हायड्रंटसमोरच्या गाडीबद्दल अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
मुलुंड (पूर्व), मुंबई

विषय: बी विंगच्या कोपऱ्यावरील फायर हायड्रंट व इनलेटसमोर रोज उभी राहणारी चारचाकी

महोदय,

स.न.वि.वि.

या विषयावर आपल्याशी तोंडी बोलून झाले, सेक्रेटरींकडे अर्ज देऊन झाला, ग्रुपवर फोटो टाकून झाले. "बघतो", "समजावतो", "पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ" यापलीकडे काही हाती लागले नाही. म्हणून हे पत्र. याची पोच सही-शिक्क्यानिशी मिळावी. मागच्या अर्जाच्या वेळी शिक्का सापडत नाही म्हणून मला ऑफिसातून तसेच परत पाठवले होते.

ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावरील सभासदांची पांढरी मोठी गाडी रोज रात्री मीटर रूमच्या भिंतीकडे तोंड करून उभी असते. त्याच भिंतीशी आपला हायड्रंट, म्हणजे आगीच्या वेळी पाणी घ्यायचा नळ आहे, पाइप ठेवायची पेटी म्हणजे होज बॉक्स आहे आणि फायर ब्रिगेडने बाहेरून पाणी भरायचे तोंड, म्हणजे इनलेटही तिथेच आहे. परवा रात्री मी खाली उतरून नीट पाहिले. बंपर आणि व्हॉल्व्हचे चाक यांच्यात जेमतेम वीतभर जागा. हात आत जातो, पण चाक फिरवता येत नाही. होज बॉक्सचे दार बॉनेटला अडते, चार बोटांपलीकडे उघडत नाही. गाडीवरचे करडे कव्हर वाऱ्याने उडू नये म्हणून त्याची दोरी हायड्रंटच्या पाइपालाच बांधलेली होती. इनलेटच्या चार तोंडांपैकी दोघांची टोपणे गेलेली आहेत आणि एकात गुटख्याच्या पुड्या कोंबलेल्या आहेत. फोटो सोबत जोडले आहेत.

समितीतल्या काही जणांना ही जागा म्हणजे रिकामा कोपरा वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. बंब येतो तेव्हा त्याच्या टाकीतले पाणी मारा सुरू झाला की काही मिनिटांत संपते. त्यानंतर पाणी लागते ते आपल्या जमिनीखालच्या टाकीतले. वीज गेली किंवा आपला फायर पंप चालू झाला नाही, तर जवान त्या इनलेटला होज जोडून बंबाच्या जोरावर रायझरमध्ये, म्हणजे वरच्या मजल्यांवर जाणाऱ्या उभ्या पाइपात, पाणी चढवतात, तेव्हा कुठे वरच्या मजल्यांवरच्या व्हॉल्व्हला पाणी येते. माझी आई 84 वर्षांची आहे, वॉकरशिवाय तिला चालता येत नाही, आणि आम्ही नवव्या मजल्यावर राहतो. आग लागली की लिफ्ट वापरता येत नाही. तिच्यापर्यंत पाणी पोहोचायचा जो मार्ग आहे, त्याच्या तोंडावर रोज गाडी उभी असते.

त्या सभासदांचे म्हणणे मला माहीत आहे, कारण ते जिन्यात मोठ्याने बोलतात. "फक्त रात्री लावतो, सकाळी आठला काढतो. आग काय रोज लागते का?" गोरेगावच्या उन्नत नगरमध्ये ऑक्टोबर 2023 मध्ये लागलेली आग रात्री तीनच्या सुमाराची होती. तळमजल्यावर उभ्या असलेल्या गाड्या पेटल्या, धूर जिन्याने वर गेला आणि माणसे झोपेत सापडली. परळच्या क्रिस्टल टॉवरला ऑगस्ट 2018 मध्ये आग लागली तेव्हा इमारतीत अग्निशमन यंत्रणा होती, पण ती चालत नव्हती. चार जण गेले. आपली यंत्रणा चालते असे गृहीत धरले, तरी तिच्यापर्यंत हातच पोहोचत नसेल तर काय उपयोग?

दूर कशाला जायचे? मागच्या दिवाळीत सी विंगच्या सहाव्या मजल्यावर बाल्कनीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर रॉकेट पडले, हे आपल्याला आठवत असेल. 101 ला फोन मीच लावला. बंब वेळेत आला, जवानांनी काही कमी केले नाही. पण हायड्रंटसमोर ही गाडी, तिच्यामागे आडव्या दोन स्कूटर. वॉचमन चावी आणायला तिसऱ्या मजल्यावर धावला, तर घराला कुलूप. फोन लावला तर बंद. जवान पर्यायी पाइप घेऊन डी विंगकडून फिरून येईपर्यंत सहाव्या मजल्यावरच्या मुलांनी बादल्यांनी आग विझवली होती. ती मुले त्या वेळी घरात नसती तर? दुसऱ्या दिवशी समितीने फटाके कुठे उडवावेत याची नोटीस काढली. गाडीचा त्यात उल्लेखही नव्हता.

याच सभासदांना स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, हक्काची जागा आहे. तिथे जुना सोफा, कूलरची खोकी आणि मुलाची बाइक ठेवलेली आहे. म्हणजे जागा नाही म्हणून नाइलाजाने गाडी तिथे लावली, असेही नाही. आणि त्यांची ही पहिलीच गोष्ट नाही. जिन्यातली चपलांची कपाटे, पॅसेजमध्ये लावलेली लोखंडी जाळी, गणपतीच्या मंडपासाठी सगळ्यांनी गाड्या हलवल्या तेव्हा यांनी न हलवलेली गाडी, गच्चीच्या दाराला घातलेले स्वतःचे कुलूप. प्रत्येक वेळी बाकीच्यांनी समजून घेतले. मीही घेतले. त्यांच्या बाथरूमची गळती दोन पावसाळे खाली झिरपत होती, तेव्हाही मी खालच्या कुटुंबाला "शेजारी आहेत, सबुरीने घ्या" असेच सांगितले होते.

बाकीच्या रहिवाशांचे काय, असे आपण मला विचारले होते. सगळे माझ्याच मताचे आहेत. सी विंगच्या वहिनी लिफ्टमध्ये म्हणाल्या, "दादा, तुमचे शंभर टक्के बरोबर आहे, फक्त आमचे नाव पुढे करू नका." तळमजल्यावरचे काका रोज सकाळी त्या गाडीकडे बोट दाखवून मला म्हणतात, "कमिटीला दिसत नाही का हे?" ग्रुपवर फोटो टाकला की अंगठे येतात. मग सेक्रेटरी लिहितात की वैयक्तिक वाद ग्रुपवर आणू नयेत, आणि ते अंगठे गप्प होतात. हायड्रंट हा वैयक्तिक वाद कसा होतो, हे मला कळलेले नाही.

एका ताईंनी वायपरखाली नम्रपणे चिठ्ठी ठेवली होती. ती फाडून त्यांच्याच दारात टाकलेली मिळाली. वॉचमनने समोर प्लास्टिकचा कोन ठेवला, तर त्या गरिबाला सगळ्यांदेखत "पगार कोण देतो तुला?" असे ऐकून घ्यावे लागले. त्यानंतर तो त्या कोपऱ्याकडे फिरकत नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही. कोणीतरी एकदा टायरची हवा सोडली. ते चूकच होते, मी तेव्हाही तसे म्हटले होते. तरीही संशय माझ्यावर घेतला गेला. सीसीटीव्ही पाहा म्हटले, तर त्या कोपऱ्यातला कॅमेरा बंद निघाला. तो अजून बंदच आहे.

यातून सगळ्यात वाईट झाले ते हे की आता बाकीचेही तिथे गाड्या लावू लागले. त्यांना चालते तर आम्हाला का नाही, म्हणून आधी एक स्कूटर आली, मग दुसरी, आता पाहुण्यांच्या गाड्याही वॉचमन तिकडेच पाठवतो. परवाच्या रविवारी बंबाला वळण्याइतकी वाटही उरली नव्हती.

नियमांचे म्हणाल तर महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे इमारतीतली यंत्रणा चालू आणि वापरता येईल अशा स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. आपल्याकडे ती संस्थेची, म्हणजे आपल्या समितीची. दर जानेवारी आणि जुलैला परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. जुलैचा फॉर्म बी मला दाखवावा. दार न उघडणारा होज बॉक्स त्यात सुस्थितीत म्हणून नोंदवला असेल, तर तो कोणी आणि कसा तपासला हेही सांगावे. वाहनचालकांसाठीच्या 1989 च्या 'रूल्स ऑफ द रोड' नियमावलीतसुद्धा हायड्रंट अडवून गाडी उभी करू नये असे लिहिलेले होते. सेक्रेटरी म्हणतात ते रस्त्यापुरते, आवाराला लागू नाही. रस्त्यावर जे धोक्याचे ते आपल्या कंपाउंडमध्ये बिनधोक होते का? आवारातल्या पार्किंगची शिस्त तर उपविधींनी समितीच्याच हाती दिली आहे.

14 एप्रिलला आपण ग्रुपवर अग्निशमन सेवा दिनाचे चित्र टाकले होते. 1944 साली त्याच तारखेला व्हिक्टोरिया डॉकमधल्या स्फोटात मुंबई अग्निशमन दलाचे 66 जण गेले, म्हणून तो दिवस पाळतात. त्या सकाळी मी खाली गेलो तेव्हा गाडी जागेवरच होती. मला त्या चित्राचा फार त्रास झाला, म्हणून हे लिहिले.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. हायड्रंट आणि इनलेटसमोर पिवळे पट्टे मारून 'गाडी लावू नये' असे मोठ्या अक्षरांत लिहावे. रंगाचा खर्च मी देतो. संबंधित सभासदांना लेखी नोटीस द्यावी आणि स्टिल्टमधली अडगळ आठ दिवसांत काढायला सांगावे. त्यानंतरही गाडी तिथे दिसली तर चाकाला क्लॅम्प लावावा, आणि दंडाचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा. 'आयत्या वेळचे विषय' मध्ये नको, तोवर निम्मी माणसे वडा खाऊन घरी गेलेली असतात. इनलेटची टोपणे आणि तो कॅमेरा या कामांना तर कोणाला समजवायचीही गरज नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर हेच पत्र फोटोंसह अग्निशमन केंद्राकडे आणि टी विभागाच्या (मुलुंडच्या) सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे देईन. मला ते आवडणार नाही, पण मी ते करेन. तोपर्यंत त्या सभासदांचा दुसरा मोबाइल नंबर तरी वॉचमनच्या केबिनमध्ये आजच लावून घ्यावा.

कळावे,

आपला,
(सही)
सभासद, बी विंग, नववा मजला

सोबत: फोटो
प्रत: सचिव, खजिनदार