तारीख सांगण्याआधी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

लग्न ठरल्याचं कळलं की जो तो आधी विचारतो, "तारीख कधीची?" हॉलची लेखी पावती हातात येईपर्यंत "अजून ठरतंय" यापलीकडे एक अक्षर बोलू नका. तोंडी धरून ठेवलेली तारीख आगाऊ रक्कम भरणाऱ्या दुसऱ्या कुणाला जाऊ शकते, आणि तोवर लांबच्या पाहुण्यांनी तिकिटं काढलेली असतात.

आधी माणसं मोजा. कपडे, सजावट यांतलं काहीही आत्ता बघू नका, कितीही मोह झाला तरी. माणसांवर हॉल ठरतो, हॉलवर तारीख आणि या सगळ्यावर खर्च. दोन्ही घरांनी आपापली यादी वेगळी करावी आणि प्रत्येक नावापुढे खूण करावी: ज्यांच्यावाचून लग्न होणारच नाही ते, ज्यांना बोलवायचंच ते, आणि जागा उरली तर बोलवायचे ते. "मावशीकडचे" असं मोघम लिहू नका. मुलाबाळांसकट एकेक नाव लिहा. घरं मोजली की आकडा फसवा निघतो. घरटी अडीच माणसं धरली तरी १०० घरांची २५० माणसं होतात, पत्रिका मात्र शंभरच लागतात.

मग पैसे. कोण किती देणार आणि कधी देणार, हे दोन्ही घरांना स्पष्ट विचारा. संकोच वाटेल, पण गृहीत धरलेल्या रकमेवर हॉल घेतला तर पुढे जास्त अवघड होतं. पैसे देणाऱ्याला यादीत आपली माणसंही हवी असतात, तेही याच बैठकीत बोलून घ्या. एकूण रकमेतले १० टक्के बाजूला ठेवा आणि ते नाहीतच असं समजा. कर, वाहतूक, उशीर झाल्यास लागणारं जादा भाडं, आयत्या वेळी वाढलेली पानं, हे सगळं त्यातूनच जातं. खर्च हाताबाहेर चालला तर फुलांवर घासाघीस करत बसू नका, यादीकडे वळा. २० नावं कमी झाली की जेवण आणि खुर्च्या दोन्हींचा खर्च उतरतो. फोटोग्राफर आणि रोषणाईला काहीच फरक पडत नाही.

हॉल बघताना सगळ्यात जास्त फसगत होते ती क्षमतेच्या आकड्यात. "३०० माणसं बसतात" हे बहुधा ओळीने मांडलेल्या खुर्च्यांबद्दल असतं, तिथे माणशी ६ ते ८ चौरस फूट पुरतात. जेवणाची गोल टेबलं मांडली तर माणशी निदान १२ धरा. म्हणजे २,१०० चौरस फुटांत ३०० खुर्च्या बसतात, पण टेबलांवर जेमतेम १७५ माणसं. स्टेज आणि वाढपाची जागा त्यातूनही वजा. क्षेत्रफळ विचारा आणि भागाकार स्वतः करा. लग्न ज्या वेळेला लागणार त्याच वेळेला जाऊन बघा, म्हणजे उजेड, रहदारी आणि पार्किंग खरं कळतं. किल्ली कधी मिळणार, आदल्या रात्री तिथे दुसरं कार्य आहे का, वीज गेली तर जनरेटर किती भार घेतो, व्हीलचेअर आत जाते का, बाहेरचा केटरर चालतो का, तारीख बदलली किंवा रद्द केली तर किती पैसे परत मिळतात, हे विचारून उत्तरं करारात लिहून घ्या. तोंडी "होऊन जाईल" याला काही अर्थ नसतो.

हॉलकडे जाताना तीन तारखा मनात ठेवा. ज्यांच्यावाचून अडेल अशांना त्या तिन्ही चालतात का, तेवढं गुपचूप विचारा.

हॉलपाठोपाठ विधी करणारी व्यक्ती आणि फोटोग्राफर ठरवा, कारण एकच माणूस एका वेळी दोन लग्नांना जाऊ शकत नाही. फोटोग्राफरच्या करारात प्रत्यक्ष कोण येणार त्याचं नाव हवं, नाहीतर काम एकाचं बघता आणि येतो त्याचा मदतनीस. बाकीच्यांना थोडा वेळ आहे. केटररला ठरावीक दिवशी पक्का आकडा द्यावा लागतो. त्यानंतर माणसं कमी आली तरी पैसे तेवढेच द्यावे लागतात, म्हणून पाहुण्यांकडून होकार-नकार मागण्याची मुदत त्याच्या आठवडाभर आधीची ठेवा.

नोंदणी कार्यालयात याच महिन्यात जाऊन या. नोटीस किती दिवस आधी लागते, कोणती कागदपत्रं, किती साक्षीदार, हे जागोजागी वेगळं असतं. दोघांची जन्माची नोंद, ओळखपत्रं आणि पासपोर्ट यांत नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, बघा. दुरुस्तीला वेळ लागतो. लग्नानंतर लगेच परदेशी जाणार असाल तर तिकीट पासपोर्टवरच्या आत्ताच्या नावानेच काढा.

खर्चाच्या शीटमध्ये अंदाज, ठरलेली रक्कम, दिलेली, बाकी आणि देण्याची तारीख असे पाच रकाने कर. यादीची शीट वेगळी. ती रविवारपर्यंत पाठव, आपल्या बाजूची नावं मी भरते.

तुझी
आई