युडिथ लेस्टरच्या चित्रांखाली फ्रान्स हाल्सचं नाव: तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: डच चित्रसंचातील दोन चित्रांखाली चुकीच्या चित्रकाराचं नाव

तुमच्या प्रतिनिधीने आज दुपारी 'तुमची तक्रार आम्ही बंद केली आहे' असं सांगून फोन ठेवला, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला लिहिते आहे. डच चित्रांच्या छापील प्रतींचा हा संच तुमचाच, मी तो विकत घेतला. विक्रीच्या यादीत युडिथ लेस्टर या सतराव्या शतकातल्या डच चित्रकर्तीचं नाव होतं आणि मी तो संच त्याच नावासाठी घेतला. हातात आला तेव्हा तिच्या दोन्ही चित्रांखाली 'फ्रान्स हाल्स' हे तिच्याच काळातल्या दुसऱ्या चित्रकाराचं नाव छापलेलं होतं.

त्यातलं एक तर तिचं आत्मचित्र आहे. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतलं, साधारण १६३० चं. जरा नीट बघा ते. खुर्चीवर रेलून ती आपल्याकडे वळली आहे, ओठ किंचित उघडे, बोलता बोलता थांबल्यासारखी. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात रंगपाटी आणि ब्रशांची जुडी. गळ्याभोवती एवढी मोठी कडक पांढरी कॉलर, की रंगाचा एक थेंब उडाला तरी सत्यानाश. असे कपडे घालून कोणी रंगकामाला बसत नाही. ती मुद्दाम नटून, आपलं काम दाखवायला बसली आहे. ती रंगवत असलेल्या, तिच्या शेजारच्या चित्रात हसरा व्हायोलिनवाला आहे. चित्रकार स्वतः ब्रश घेऊन समोर बसलेली असताना तिच्याखाली दुसऱ्याचं नाव छापायला हात कसा धजावला?

हे मी प्रतिनिधीला शांतपणे सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, चित्र तर तेच आहे ना?" मी म्हटलं, चित्र तेच आहे, नाव तिचं नाही. त्याने मला थांबायला सांगितलं, कोणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, "मॅडम, हाल्स जास्त प्रसिद्ध आहे. तुम्हाला त्याच किमतीत मोठ्या चित्रकाराचं चित्र मिळालं, म्हणजे तुमचा फायदाच झाला." मी विचारलं, हे तुम्ही स्वतःच्या मनाने बोलताय की वरून सांगितलंय? त्यावर, "हे लेबलचं किरकोळ काम आहे मॅडम, त्यासाठी बदली मिळत नाही. पुढच्या खरेदीवर कूपन देतो." मला कूपन नको आहे.

फायदा हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही, कारण या बाईचं नाव नेमकं याच हिशेबात बुडालं. तुमच्या संचातलं तिचं दुसरं चित्र, पेला उंचावणारं ते मौजमजा करणारं जोडपं, आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. एकोणिसाव्या शतकात ते हाल्सची उत्कृष्ट कलाकृती म्हणून ४,५०० पौंडांना विकलं गेलं. मग हाल्सच्या खोट्या सहीखाली जे आणि एल ही एकमेकांत गुंफलेली अक्षरं आणि तारा सापडला. ती लेस्टरची सही. झालं काय, तर विकत घेणारे कोर्टात गेले. एक चित्रकार सापडली याचा आनंद कोणाला नव्हता, भांडण होतं किंमत उतरल्याचं. १८९३ मध्ये हॉफस्टेडे डी ग्रोट या अभ्यासकाने सात चित्रं तिच्या नावावर लावली, तेव्हा कुठे तिला तिचं काम परत मिळू लागलं. त्याआधी दोनशेहून जास्त वर्षं गेली होती.

आणि ती कोणी अनोळखी हौशी बाई नव्हती. १६२८ मध्ये, वयाची वीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती, तेव्हा सॅम्युएल अॅम्पझिंग या लेखकाने हारलेम या डच शहराच्या वर्णनात तिचा उल्लेख केला. १६३३ मध्ये ती तिथल्या सेंट ल्यूक गिल्डची, म्हणजे चित्रकारांच्या संघाची, सभासद होती, शिष्य ठेवत होती. १६३५ मध्ये तिचा एक शिष्य तिला सोडून हाल्सकडे गेला, तेव्हा तिने गिल्डकडे रीतसर तक्रार केली आणि हाल्सला दंड झाला. त्याच हाल्सचं नाव तुम्ही तिच्या चित्रांखाली छापता! १६३६ मध्ये तिने यान मीन्से मोलेनार या चित्रकाराशी लग्न केलं, त्यानंतरची तिची फारच थोडी चित्रं हाती आहेत. १६६० मध्ये ती गेली. पुढे नवरा वारल्यावर त्याच्या मालमत्तेची यादी झाली, तेव्हा कित्येक चित्रांपुढे तिचं नाव नव्हतं, 'मयताची बायको' एवढंच होतं.

म्हणून हे लेबलचं किरकोळ काम नाही. पुन्हा सांगते, यादीत तिचं नाव लावून तुम्ही माल विकलात आणि चित्राखाली ते काढून टाकलंत. डच चित्रांसाठी मी आजवर तुमच्याच छपाईवर विश्वास ठेवला, रंग तुमचे खरोखर चांगले असतात. त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

मला दोन्ही चित्रांच्या योग्य नावाच्या प्रती हव्या आहेत. हा संच घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला दुरुस्ती कळवा आणि पुढच्या छपाईत नाव बदला. 'फायदा झाला' हे उत्तर कोणाच्या सांगण्यावरून दिलं गेलं, तेही लेखी हवं आहे. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पावती, यादीची छायाचित्रं आणि दोन्ही प्रती घेऊन मी ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. परत फोन करू नका, लिहून कळवा.

तुमची एक ग्राहक