चाडचा नारू ऐकला, झाबुआचा कोण सांगणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला पॉडकास्टवरचा लेख वाचला. गुन्हेकथा, शेअर बाजार, नटनट्यांच्या मुलाखती, सगळ्यांची हजेरी लागली होती. आरोग्याच्या वाट्याला एक ओळ आली, तीही वजन कमी करण्यापुरती. आमच्या घरी कोरोनाच्या काळापासून ओट्याशेजारी जगभरच्या आरोग्याच्या गप्पा चालू असतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

जागतिक आरोग्य संघटनेचा ‘सायन्स इन फाइव्ह’ कणीक मळून होईतो संपतो. ‘ग्लोबल हेल्थ मॅटर्स’ लांब असतो, तो निवडण-टिपणाच्या दिवशी. माझं इंग्रजी बँकेतल्या नोकरीपुरतं, त्यामुळे वेग थोडा कमी करून ऐकते. आकडे मात्र कानात टिकत नाहीत. ते दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवते.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका इंग्रजी कार्यक्रमात आफ्रिकेतल्या चाड देशातल्या नारूची, म्हणजे पायातून दोऱ्यासारखा जंत बाहेर येतो त्या रोगाची, हकीकत लागली. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, शेजारी मेथी निवडत होते. वय ८८. कानाला यंत्र आहे, पण इंग्रजी उच्चार पकडता येत नाहीत. मी मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगत होते. नारूवर लस नाही, औषध नाही. १९८६ मध्ये जगात अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. त्याच वर्षी अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेनं हे काम अंगावर घेतलं. कार्टर २०२४ च्या डिसेंबरात शंभरी पूर्ण करून गेले. त्या वर्षी माणसांमधले रुग्ण उरले होते अवघे १५. आता चाडमध्ये कुत्र्यांनाही नारू होतो, ही नवी डोकेदुखी.

पाण्याबद्दल सांगताना ‘पायऱ्यांची विहीर’ असं मी म्हटलं, तर अण्णा म्हणाले, “अगं, बावडी म्हण की सरळ.” आणि मेथी बाजूला सारून सांगायला लागले.

अण्णा पीएचईत, म्हणजे सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या खात्यात होते. ८३ नंतरची आठ-नऊ वर्षं मध्य प्रदेशातल्या झाबुआत काढली. आजचा अलीराजपूर तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. १९८४ मध्ये देशात नारूचे सुमारे ४० हजार रुग्ण मोजले गेले, त्यांतले काही त्यांच्या फलियांमधले, म्हणजे पाड्यांमधले. खाटेवर बसलेला माणूस, पायाला फोड, फोडातून पांढऱ्या दोऱ्यासारखं टोक बाहेर आलेलं. ते आगकाडीला गुंडाळायचं आणि रोज दोन-चार बोटंच ओढायचं. अण्णांनी मेथीची काडी आणि पुड्याचा दोरा घेऊन मला करून दाखवलं. घाई केली आणि तुटला, की पाय सुजून पू होणार. आणि हे नेमकं पेरणीच्या तोंडावर, म्हणजे घरात हात कमी आणि खाणारी तोंडं तेवढीच. मीटरभर लांबीची मादी बाहेर यायला कितीतरी दिवस लागतात.

दोष बावडीचा. पायऱ्या उतरून माणूस पाण्यात उभा राहतो, फोडाची आग गार पाण्यात शमते, आणि तेवढ्यात नारूची पिल्लं पाण्यात जातात. तिथल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक पाणकिड्यांमध्ये ती वाढतात, तेच पाणी कुणीतरी पितं आणि वर्षानं त्याच्या पायाला फोड येतो. कठडा बांधलेल्या विहिरीतून दोरीनं पाणी ओढलं, तर पाय पाण्याला लागतच नाही. म्हणून मुख्य उपाय तीन: पाणी दुहेरी कापडातून गाळा, बावडीत सायक्लॉप्स मारायचं औषध टाका, नाहीतर हापसा बसवा. अण्णांचं खातं तिसरं.

तो हापसा म्हणजे इंडिया मार्क टू. जालना आणि सोलापूरकडे मिशनच्या कामात तयार झालेल्या पंपांवरून तो पुढे घडला आणि आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत पोचला. म्हणजे सोलापूरचा नातू तिकडे पाणी काढतोय आणि त्याची हकीकत आपण इंग्रजीतून ऐकतोय! भारतात शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला, २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. कार्यक्रमात भारताला मिळालं एक वाक्य.

अण्णांनी सांगितलेली पुढची गोष्ट तर कुठल्याच कार्यक्रमात मी ऐकलेली नाही. खोल खणलेल्या काही बोअरचं पाणी फ्लोराइडचं निघालं. पोरांचे दात पिवळे पडले, मोठ्यांचे गुडघे आखडले. मग ‘हे पाणी पिऊ नका’ म्हणून त्याच हापशांना लाल रंग फासायची वेळ आली. हे सांगताना अण्णांचा आवाज उतरला. “एक काढला, दुसरा दिला,” एवढंच म्हणाले. तिथे दुसरं पाणी तरी कुठे होतं, हे मी म्हटलं, पण त्यांनी ऐकलं नाही. की यंत्र बंद होतं, कोण जाणे.

मराठी-हिंदीत आरोग्याचे पॉडकास्ट नाहीत असं नाही, ढीगभर आहेत. पण दोन-दोन तासांच्या गप्पा, आकडा कुठल्या वर्षाचा, किती माणसांवरून काढला, पत्ता नाही, आणि शेवटी काहीतरी चूर्ण विकायला. आमच्या गल्लीतल्या एक काकू असंच ऐकून बीपीची गोळी सोडून बसल्या होत्या. चक्कर येऊन पडल्या तेव्हा घरच्यांना कळलं.

म्हणून विनंती अशी: आपल्या दैनिकाचं अॅप आहे, माणसं आहेत. आठवड्याला अर्धा तास मराठीत द्या. जगात काय चाललंय ते सांगा आणि त्याला जोडून इथलं माणूस बोलवा. इंदूर, देवास, धारच्या मराठी घरांत पीएचईचे निवृत्त इंजिनिअर आहेत, मलेरियाच्या फवारणीवर गेलेले आहेत, देवीच्या शेवटच्या मोहिमेत गावोगाव हिंडलेल्या नर्सबाई आहेत. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मधला. तेव्हा पंचविशीत असलेल्या बाई आज पंचाहत्तरीत आहेत. ऐकलेल्यातले आकडे मात्र दुसऱ्या दिवशी छापाही, माझी दुधाची वही भरत आली.

अण्णांचं त्या दिवशीचं बोलणं मी फोनवर घेतलंय. चाळीस मिनिटं आहे, मध्ये कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत. हवं असेल तर कार्यालयात आणून देते. प्रत्यक्ष बोलायचं असेल तर सकाळी या. दुपारी दोन ते चार ते झोपतात आणि यंत्र काढून ठेवतात.

आपली,
एक वाचक
लोकमान्य नगर, इंदूर